फुगडी येते ना? मग जोडीनं नाचणं अर्धं आलंच

चवथीच्या दिवसांत अंगणात दोघी जणी हातांची अढी घालतात, पायाला पाय भिडवतात, मागं रेलतात आणि गरगर फिरू लागतात. त्यात कोणी कोणाला उचललेलं नसतं. दोघीही मागं पडत असतात आणि एकीचं पडणं दुसरीला उभं ठेवतं. एकीनं मध्येच हात सोडला तर दोघी आपटतात.

कंटेम्पररी (समकालीन) नृत्यातलं जोडीकाम याच हिशेबावर चालतं. शिकायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न मात्र बहुतेक वेळा असतो, ‘लिफ्ट कधी शिकवणार?’ लिफ्ट, म्हणजे जोडीदाराला उचलणं, शेवटी येते. त्याआधी पडायला शिकायचं, मग वजन द्यायला, मग वजन घ्यायला. हा क्रम उलटा केला की खांदे दुखतात, कंबर धरते आणि वर चढणारा घाबरून खालच्याचा गळा आवळतो.

या कामाचा मोठा भाग कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनमधून, म्हणजे अंगाला अंग लावून, वजन देत-घेत सुचेल तसं नाचण्याच्या पद्धतीतून आला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ओबर्लिन कॉलेजात जानेवारी 1972 मध्ये नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी ‘मॅग्नेशियम’ हा प्रयोग केला. त्यात तरुण एकमेकांवर आदळत होते, पडत होते, लोळत होते आणि शेवटी काही मिनिटं नुसते उभे राहिले. पॅक्स्टन आयकिडो ही जपानी युद्धकला शिकलेले होते, त्यामुळे पडणं आणि लोळणं हा त्या पद्धतीचा पाया झाला. बसवलेल्या नृत्यातले दुएत (दोघांचे नाच) आणि आयत्या वेळी सुचेल तसा होणारा कॉन्टॅक्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण अंगाला लावायची शिस्त एकच.

जागा, कपडे, अंग

गोव्यात बहुतेकांना सराव करायला मिळतो तो देवळाचा सभामंडप, शाळेचं सभागृह किंवा घराची ओसरी. तिथं लादी असते, आणि लादीवर गुडघा आपटला की आठवडा वाया जातो. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चौकोनी गाद्या मिळतात. त्या निदान 20 मिमी जाडीच्या घ्या आणि दोघांसाठी 3 मीटर बाय 3 मीटर जागा झाका. पडण्याच्या सरावाला ज्युडोची 40 मिमीची मॅट असली तर उत्तम. योगाची पातळ चटई चालत नाही. वजन आलं की ती सरकते किंवा गोळा होते आणि पाय अडकतो.

पावसात लादी ओल धरते. सुरुवातीला कोरड्या फडक्यानं पुसा आणि मध्ये एकदा परत पुसा. मोजे घालून कोणाचंही वजन घेऊ नका. अनवाणीच राहा.

पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतची पँट घाला, कारण घामेजलेली उघडी कातडी एकतर निसटते नाहीतर चिकटून ओढली जाते. खोबरेल, क्रीम, सनस्क्रीन यातलं काहीही त्या दिवशी हातापायांना नको. अंगठ्या, बांगड्या, कानातलं, मंगळसूत्र, पट्टा, चेनवाले खिसे सगळं काढून ठेवा. नखं कापलेली हवीत. जेवण दोन तास आधी झालेलं असावं. शीत-कडी पोटभर खाऊन उपडं लोंबकळायला गेलात तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

सुरू करण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना तीन गोष्टी सांगायच्या: कुठं दुखतंय, कुठं हात लागलेला चालणार नाही आणि आज किती जमेल. ‘थांब’ म्हटलं की लगेच थांबायचं, का ते नंतर विचारायचं. तोंड दबलेलं असेल तर जोडीदाराच्या अंगावर किंवा जमिनीवर दोन थापा मारायच्या. मानेचं किंवा मणक्याचं दुखणं, निखळलेला खांदा, गरोदरपण यातलं काही असेल तर वजन घेण्याचे भाग सोडून द्यायचे.

आधी पडा

पंधरा मिनिटं अंग गरम करा: चालणं, सांधे फिरवणं, चार पायांवर रांगणं. मग जमिनीशी ओळख करून घ्या.

बसक्या अवस्थेपासून सुरू करा. उजवा हात गोल करून पुढं ठेवा, जणू मोठी घागर कवेत घेतली आहे. हनुवटी छातीकडे, नजर डाव्या बगलेकडे. जमिनीला आधी हाताची बाहेरची कड लागते, मग दंड, मग खांद्याची मागची बाजू, आणि तिथून पाठीवर तिरकी रेघ ओढल्यासारखं डाव्या कुल्ल्यापर्यंत लोळत जायचं. डोकं जमिनीला लागतच नाही. लागत असेल तर तुम्ही तिरके न जाता सरळ पुढं जात आहात. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा करा. आवाज ऐका: ‘धप्प’ आला तर पाठीचा एखादा भाग सपाट राहिलाय, गोल झालेला नाही.

मागं पडताना हात मागं टेकायचा मोह प्रत्येकाला होतो. ताठ हातावर सगळं वजन आलं की मनगटाचं हाड मोडतं. त्याऐवजी एक पाय मागं घ्या, गुडघे वाकवत खाली या, कुल्ल्याच्या बाजूवर बसा आणि हात जमिनीवर लांबवर सरकू द्या. मार्शेलला आषाढात चिखलकाला खेळणारी पोरं बघा. चिखलात ती ताठ होऊन पडत नाहीत, घसरत जातात. लादीवर चिखल नाही, तेव्हा ते घसरणं आपल्याला शिकून घ्यावं लागतं.

पडण्याची भीती गेली की वर चढल्यावर जोडीदाराला घट्ट धरून ठेवायची गरज वाटत नाही. म्हणून ही पायरी गाळू नका, भले कंटाळा येवो.

उभं राहणं

डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. पॅक्स्टन याला ‘छोटं नृत्य’ म्हणत. गुडघे ढिले, जबडा सैल. हलायचं नाही असं ठरवलं तरी घोटे, पोटऱ्या, कंबर सारखी बारीक बारीक हलत असतात, ते जाणवेपर्यंत थांबा. हेच बारीक हलणं पुढं दुसऱ्याच्या अंगातून ओळखायचं असतं.

मग जमिनीवर पाठीला पाठ लावून बसा. पाय गुडघ्यात वाकवलेले, टाचा बुडापासून साधारण एक फुटावर. जोडीदाराचा श्वास पाठीवर ओळखा. आता दोघांनी एकाच वेळी पायांनी जमीन दाबायची आणि पाठीनं पाठ, आणि उभं राहायचं. कोपरं एकमेकांत अडकवू नका. अडकवली की दोघंही खांद्यानं ओढतात आणि पाय काम करायचे थांबतात. अर्ध्यावर येऊन अडकत असाल तर टाचा फार लांब आहेत, थोड्या जवळ घ्या. एकजण पुढं फेकला जात असेल तर दुसरा वजन देत नसून ढकलतोय. दोन्हीतला फरक इथंच कळतो: वजन दिलेलं असतं तेव्हा जोडीदार हळूच बाजूला झाला तर तुम्ही पडता, ढकलत असता तेव्हा तो बाजूला झाला की तुम्ही पावलं टाकत मागं धावता.

मागं रेलणं

आता फुगडीकडे. फक्त गिरकी काढून टाकायची. फुगडीत गिरकीचा जोर तुम्हाला बाहेर फेकतो आणि काही चुका झाकल्या जातात. स्थिर उभं राहून तेच केलं की सगळ्या चुका उघड्या पडतात.

समोरासमोर उभे राहा, पायाच्या बोटांमध्ये वीतभर अंतर. बोटं धरू नका, मनगटं धरा. तुमचा तळवा त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला आणि त्याचा तुमच्या. अशी पकड एकाची सैल झाली तरी दुसऱ्याची राहते. फुगडीसारखी अढी सुरुवातीला नको. उजवा हात समोरच्याच्या डाव्यात, सरळ.

हात लांब होऊ द्या, पण कोपरं ताठ कुलूपबंद करू नका. खांदे कानांपासून दूर. आता घोट्यापासून मागं रेला, पूर्ण अंग एका सरळ फळीसारखं. बहुतेक जण इथं बूड मागं काढतात आणि छाती पुढं ठेवतात. असं केलं की वजन कमरेवर लोंबतं आणि जोडीदाराला काहीच मिळत नाही. ओटीपोट थोडं पुढं आणा, लगेच हातांत ताण भरलेला जाणवेल.

या क्षणी जोडीदाराच्या हाताकडे बघा. बोटांची पेरं पांढरी पडली असतील तर तो पकडीनं लोंबकळतोय, पाठीनं नाही. नंतर पायांकडे बघा. पायाची बोटं जमीन खरवडत असतील तर तो मनातून अजून पुढंच उभा आहे, मागं रेलल्याचं सोंग चाललंय. पेरांचा रंग परत आला, टाचा जमिनीत रुतल्या आणि दोघांचे हात दोरीसारखे एकसारखे ताणलेले राहिले, की जमलं. तिथून हळूहळू दोघंही खुर्चीत बसल्यासारखे खाली या, जमिनीजवळ थांबा आणि परत वर. तीन वेळा झालं की उजव्यात उजवा असा एकच हात धरून करा. आता शरीर वळायला बघेल, मोकळी बाजू मागं उघडेल. उघडू द्या.

वजनात फरक असेल तर काय? जड माणसानं कमी रेलायचं, एवढंच. दोघांची उंची साधारण सारखी धरली तर 50 किलोचा जोडीदार 30 अंश मागं रेलल्यावर 80 किलोच्या जोडीदाराला फक्त 18 अंश रेलावं लागतं. दोघंही सारखेच रेलले तर हलका पुढं ओढला जाणार, हे गणितच आहे. म्हणून जोडीदाराला ‘तू जड आहेस’ असं कधीच म्हणू नका. ‘थोडं कमी दे’ म्हणा, किंवा ‘अजून दे’. लाजून वजन राखून ठेवणारी माणसं गोव्यातल्या वर्गांत वजन टाकून देणाऱ्यांपेक्षा जास्त भेटतात, आणि त्यांच्याबरोबर काम करणं अधिक कठीण असतं.

मेज आणि लाट

एकजण जमिनीवर उताणा झोपतो, दुसरा त्याच्यावर आडवा, पोटावर पोट, अधिक चिन्हासारखा. खालचा ओंडक्यासारखा लोळतो आणि वरचा लाटेवरच्या होडीसारखा वाहून नेला जातो. वरच्यानं काही करायचं नाही, फक्त अंग जड आणि लांब ठेवायचं. कोपरं आणि गुडघे टोचवणारा जोडीदार या एका खेळात सुधारतो.

मग मेज. खालचा चार पायांवर येतो: मनगटं खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली, पाठ सपाट. वजन ठेवायच्या जागा दोनच. एक कमरेखालचं रुंद सपाट हाड, दुसरी खांद्याच्या दोन पात्यांच्या मधली जागा. या दोन्हींच्या खाली हाडांचे खांब उभे आहेत. मधली कंबर म्हणजे खांबांशिवायचा पूल. तिथं बसू नका, मानेवर तर कधीच नाही.

वरच्यानं बाजूनं येऊन आधी नुसता हात ठेवायचा, मग कोपर ते मनगट, मग छातीची बाजू. खालच्याचा श्वास चालू आहे का बघा. श्वास रोखलेला असेल तर त्याला वजन पेलत नाहीये, तोंडानं तो काहीही म्हणो. सगळं वजन आल्यावर पाय जमिनीवरून सुटतात, उडी मारावी लागत नाही. मनगट दुखत असेल तर खालच्यानं मुठी किंवा कोपरं टेकवावीत. दर दोन मिनिटांनी जागा बदला.

पाठीवरची उचल

पहिली खरी लिफ्ट हीच असावी. हातांची ताकद यात लागत नाही, त्यामुळे चूक हातांच्या जोरावर झाकता येत नाही. पहिल्या दहा-बारा वेळा दोन्ही बाजूंना एकेक माणूस आधाराला हवा. त्यांचा एक हात वरच्याच्या खांद्याच्या पात्याखाली, दुसरा मांडीजवळ, लागला तरच धरायला. पहिल्या महिन्यात जोडीदाराच्या वजनात 10-15 किलोंहून जास्त फरक नको.

1. पाठीला पाठ लावून उभे राहा. खालच्याची पावलं कमरेहून थोडी रुंद.

2. खालच्यानं गुडघे वाकवून आपलं बूड वरच्याच्या बुडाच्या चार बोटं खाली आणायचं आणि तिथून किंचित मागं, म्हणजे त्याच्या बुडाखाली सरकवायचं. सगळी लिफ्ट या चार बोटांत आहे.

3. आता खालच्यानं जांघेतून पुढं झुकायचं, पाठ लांब ठेवून. वरचा त्याच वेळी डोकं आणि पाठ मागं सोडतो. त्याचे पाय आपोआप सुटतात.

4. खालच्याचे तळवे स्वतःच्या मांड्यांवर, गुडघ्याच्या वर. पाठ जमिनीला जवळजवळ समांतर. दोन-तीन श्वास थांबा. वरच्याचे हात बाजूला मोकळे.

5. उतरताना खालच्यानं आधी गुडघे वाकवायचे, मग पाठ हळूहळू वर आणायची. वरच्याचे पाय जमीन शोधतात आणि बोटं, मग टाच अशी टेकतात. तो नीट उभा राहीपर्यंत पाठ काढून घ्यायची नाही.

वरचा खालच्याच्या डोक्याच्या दिशेनं घसरत असेल तर पाठ समांतरच्याही खाली गेली आहे. पायांच्या दिशेनं घसरत असेल तर बूड पुरतं खाली घेतलं नव्हतं. एका कुशीवर कलंडत असेल तर सुरुवातीला दोघांचे मणके एका रेषेत नव्हते. वरच्याची कंबर दुखली तर तो पोट पूर्ण सैल सोडून कमानीत लटकतोय. पोटाचे स्नायू थोडे जागे ठेवायचे, पण फळीसारखं ताठ व्हायचं नाही, कारण ताठ माणूस ओंडक्यासारखा गडगडतो. आणि वजन पाठीवर असताना खालच्यानं कंबर पिळायची नाही. वळायचं असेल तर लहान लहान पावलं टाकून पूर्ण अंगानं वळा.

चालत येऊन घेतलेल्या, उडीच्या लिफ्ट यानंतरच्या, आणि त्या शिक्षकासमोरच कराव्यात. तिथं सगळा खेळ वेळेचा असतो. वरच्याची उडी जिथं संपते, त्या टोकाला क्षणभर त्याचं वजन जवळजवळ काहीच नसतं. खालच्याचे गुडघे त्याच क्षणी सरळ व्हायला हवेत. लवकर झाले तर अंग अंगावर आदळतं, उशिरा झाले तर पडणारं वजन झेलावं लागतं. दोघांनी मोठ्यानं श्वास घ्यावा, आकडे मोजण्यापेक्षा ते बरं.

किनाऱ्यावर आणि जॅममध्ये

वाळूवर सराव करायचा तर ओहोटीच्या वेळी, सकाळी नऊच्या आत, पाण्याजवळच्या ओल्या घट्ट पट्ट्यावर. वरच्या कोरड्या वाळूत घोटा मुरगळतो. आधी दहा पावलं इकडून तिकडं चालून काचा आणि शिंपले वेचून टाका. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून मागं रेलताना दोघांनी लाटांच्या रेषेला समांतर उभं राहायचं. नाहीतर एकजण चढावर, दुसरा उतारावर राहतो आणि वजनाचा सगळा हिशेब चुकतो.

घोटा मुरगळला तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा आणि पाय उंच ठेवा. त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढून घ्या. मानेत कळ येऊन हाताला मुंग्या येत असतील तर त्या दिवशीचं काम बंद करून डॉक्टर गाठा. मानेवर पडल्यावर माणूस उठत नसेल तर त्याला हलवू नका, 108 ला फोन करा.

पर्यटनाच्या मोसमात उत्तर गोव्यातल्या हरमल-मांद्रे पट्ट्यात कॉन्टॅक्टचे वर्ग आणि जॅम, म्हणजे एकत्र जमून सुचेल तसं नाचायच्या बैठका, भरतात. जॅममध्ये देशोदेशीचे लोक येतात, संगीत असेलच असं नाही आणि शिकवणारा कोणी नसतो. पहिल्या दिवशी कडेला बसून बघितलं तरी चालतं. कोणी जवळ आलं आणि नको वाटलं तर हात छातीशी जोडून मान हलवा आणि बाजूला व्हा, कारण सांगावं लागत नाही. चालू असलेला नाचही मध्येच सोडून जाता येतो, फक्त जोडीदाराचं वजन तुमच्यावर नाही ना, ते बघून.